कामाला बाई पाहिजे

हात जोडा मंडळी, एकदा नाम घ्या! आणि ते मागे खांबाला टेकलेले काका — तुम्हीही घ्या, डोळे उघडून! हां.

आज एक प्रश्न विचारतो. न सांगता, न बोलावता कुणी काम केलं, तर त्याची कदर होते का? काय म्हणता — देव करतो? देव करतोच हो! मी तुमचं विचारतोय!

उत्तर हवंय? मग ऐका.

एका तालुक्याच्या गावी शालनताई नावाची बाई होती. नवरा दत्तोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. नवरदेव घोड्यावर चढला की दत्तोबाचे गाल फुगायचे! पण लग्नात डीजे आला आणि क्लॅरिनेट गेलं कपाटावर. आता चूल पेटायची कशी? शालनताईनं बाजारात आप्पाशेठच्या साड्यांच्या दुकानावर पाटी वाचली — 'कामाला बाई पाहिजे. अनुभवी.' ठेवणीतली साडी नेसली आणि गेली!

दारात मॅनेजर गोसावी. म्हणाला, "मालक बाहेर गेलेत. बसा. अर्ज भरा."

अर्जात विचारलेलं — पूर्वी कुठे काम केलं? ताईनं लिहिलं, 'घरी. बावीस वर्षं.'

गोसावी हसला. "घरचा अनुभव चालत नाही बाई. दुकानातला पाहिजे."

"मग दुकानात घ्या की! येईल अनुभव!"

"अनुभव असल्याशिवाय घेत नाही!"

आता बोला! पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, आणि उतरल्याशिवाय पोहता येत नाही! ताई रडकुंडीला आली. पण घरी काय तोंड घेऊन जायचं? बसली बाकावर.

समोर पांढरी गादी. गादीवर लग्नाच्या बस्त्याला आलेल्या चौदा बायका! साड्या किती उघडल्या? ऐंशी! घेतल्या किती? — माता-भगिनींनो, हसू नका, तुम्हाला बरोबर माहीत आहे! दोन! बायका गेल्या, मागे साड्यांचा डोंगर. आणि शालनताईचा एक स्वभाव — मोडलेली घडी दिसली की तिचे हात शिवशिवायचे. उठली. काठाला काठ लावला, पदर वर घेतला, हातानं दाबलं — झाली घडी! संध्याकाळपर्यंत गादी लख्ख.

"मालक आले का?"

"उद्या या."

दुसऱ्या दिवशी — "उद्या या." तिसऱ्या दिवशी — "उद्या या." ही रोज येते, बाकावर बसते, डोंगर दिसला की उठते. एका बाईनं विचारलं, "ताई, ही पिवळी मला शोभेल?" ही म्हणाली, "नाही शोभणार. ती मोरपंखी घ्या." बाईनं घेतली, वर जावेसाठी आणखी एक घेतली!

पाचव्या दिवशी आप्पाशेठ अवतरले. गादी बघितली, कपाटं बघितली. खूश! म्हणाले, "गोसावी, ती बाहेरची पाटी काढून टाका."

ताईला वाटलं — मिळाली नोकरी!

"माणूस कशाला घ्यायचं? काम तर होतंय की!"

मंडळी, कुणाच्या जिवावर होतंय, हे विचारायचं शेठला सुचलं नाही! ताईच्या हातात अर्धी घडी घातलेली साडी होती. तिनं ती तशीच गादीवर ठेवली. चप्पल घातली. घरी येऊन दत्तोबासमोर रडली, पोटभर रडली.

मग काय झालं? लग्नसराई ती! पहिल्या दिवशी डोंगर. दुसऱ्या दिवशी गोसावी दिसेना — फक्त आवाज यायचा! तिसऱ्या दिवशी आप्पाशेठ स्वतः पैठणीची घडी घालायला बसले. काठ एकीकडे, पदर दुसरीकडे, मध्ये शेठ! घडी कसली, गाठोडं झालं! तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. अर्जावरचा पत्ता शोधला आणि निघाले.

ताई अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. शेठ म्हणाले, "बाई, कामावर या."

ताई म्हणाली, "बसा. मालक बाहेर गेलेत."

दत्तोबा तिथंच उभा! पण बिचारा हुशार, मुकाट आत गेला.

"अर्ज आणलाय?" ताईनं विचारलं. "यापूर्वी कुणाला वेळेवर कामावर घेतलंय? अनुभव आहे?"

शेठ ओट्यावर बसले. तासभर बसले हो! शेजारी वाळलेल्या कपड्यांचा ढीग. बसून बसून काय करणार? एक टॉवेल उचलला. टोकाला टोक लावलं. दुसऱ्यांदा लावलं. मान खाली घालून म्हणाले, "बाई, चुकलं माझं. मी काम बघितलं, माणूस नाही बघितलं."

ताईनं टॉवेल हातात घेतला, वाकडी घडी मोडली, पुन्हा शेठच्या हातात दिला. म्हणाली, "शिकाल. उद्यापासून येते."

हसलात! छान हसलात. आता मला सांगा — गेले चार दिवस तुम्ही इथे येऊन बसताय, सतरंज्या अंथरलेल्या असतात. आरती झाली की प्रसाद घेऊन तुम्ही चपला शोधायला पळता. मागे या सतरंज्या कोण झटकतं? कोण घडी घालतं? काका, ठाऊक आहे? नाही? त्या तिकडे दाराशी बसल्यात, त्या गिरजाबाई. कुणी सांगितलं नाही त्यांना. आणि कुणी विचारलंही नाही — काम तर होतंय की!

गिरजाबाई, आज तुम्ही हलायचं नाही. प्रसाद तुम्हाला पहिला. आणि मंडळी, तुम्ही — नाम घ्या, उठा, आणि सतरंजीचं एकेक टोक धरा!