पुस्तक स्वयंपाकघरात न्यायचं नाही

...आणि वर मलाच विचारतात, तुला एवढा राग कसला येतो म्हणून. कसला येतो? तुम्हीच सांगा, ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या हाताने गॅस पेटवला नाही, चहा उतू जायला लागला तर जागचं न हलता 'अरे, चहा उतू जातोय' एवढी नुसती बातमी देतो, त्या माणसाने बैठकीची अख्खी भिंत स्वयंपाकाच्या पुस्तकांनी भरून टाकायची, आणि ती भिंत आल्यागेल्याला दाखवताना गहिवरून यायचं... हा माणूस कोण, तर आमचे बाबा. तीर्थरूप. चांगले निवृत्त झालेत, गुडघे धड आहेत, डोळे धड आहेत, बागेत जावं, मित्रांशी भांडावं, पण नाही, ह्यांना पुस्तकं लागतात. तीही नवीन. काल छापलेली. परवाची असली तर ह्यांना शिळी वाटते.

तुम्ही म्हणाल, असेना का, वाचतायत बिचारे. मीही म्हटलं असतं, पण तुमच्या घरातली भांडी मी घासत नाही ना, माझ्या घरातली घासतो.

दुकानदाराचा फोन येतो. तोही बेरकी, नमस्कार-चमत्कार काही नाही, 'साहेब, नवीन आलंय' म्हणतो आणि ठेवून देतो. झालं. बाबा येरझाऱ्या घालायला लागतात. 'नको. पुष्कळ झाली. आता एकही नको.' हे कोणाला सांगतात, तर पंख्याला. पाच मिनिटांनी चप्पल शोधतात. 'जरा बघून येतो. नुसतं बघायला काय जातंय?' नुसतं बघायला! दारुडासुद्धा गुत्त्यावर नुसता वासच घ्यायला जातो. तासाभराने परत येतात ते शर्टाच्या आत पोटाशी पुस्तक धरून, आणि आमची आई, जी दवाखान्यात नर्स आहे आणि जिला दिवसभर पोटंच बघायची सवय आहे, ती मान वर न करता विचारते, "कितवा महिना?"

मग बाबा पुस्तक बाहेर काढतात, आणि ठरलेलं वाक्य येतं. "अगं, हे वेगळं आहे."

वेगळं आहे. मागचंही वेगळं होतं, त्याच्या मागचंही. एक आहे फक्त एका भांड्यात होणाऱ्या पदार्थांचं. एक पंधरा मिनिटांत होणाऱ्या स्वयंपाकाचं, ते बाबा तीन महिने वाचत होते. एक आहे उरलेल्या अन्नाचं काय करावं ह्याचं, आणि आमच्या घरात अन्न उरतच नाही, तर त्या पुस्तकासाठी मला आदल्या दिवशी मुद्दाम जास्तीचं रांधायला लावलं, ते दुसऱ्या दिवशी उरलेलं म्हणून वापरायला. मी म्हटलं, बाबा, हे उरलेलं नाही, हे उरवलेलं आहे. तर म्हणतात, "ज्याने कॉलेज अर्ध्यात सोडलं त्याने पुस्तकाला शिकवू नये."

हां, तेवढं राहिलं. मी इंजिनिअरिंग सोडलं. दुसऱ्या वर्षाला. बाबांच्या हौशीने गेलो होतो, माझ्या अकलेने परत आलो. तेव्हापासून घरात मी म्हणजे भिंतीतली ओल, सगळ्यांना दिसते, बोलायचं कोणी नाही, पाहुणे आले की समोर कपाट सरकवायचं. आई एक दिवस कामावर जाता जाता म्हणाली, बसलायस तर भाजी तरी चिरून ठेव. ठेवली. मग फोडणीला टाकून ठेव. टाकली. आणि तुम्हाला सांगतो, दोन वर्षं वर्गात बसून जे झालं नव्हतं ते कांदा परतताना झालं. मला कळायला लागलं. आवाजावरून कळायचं, वासावरून कळायचं, आता मीठ, आता झाकण, आता हात लावू नकोस. जगात एक तरी गोष्ट मला न सांगता कळते ह्याचा मला एवढा आनंद झाला... जाऊ दे.

पण सुखाने करू देतील तर ते आमचे बाबा कसले? त्यांचा एक नियम आहे. पुस्तक स्वयंपाकघरात न्यायचं नाही. डाग पडतात. तेलाचे हात लागतात. स्वयंपाकाचं पुस्तक स्वयंपाकघरात न्यायचं नाही! पोहण्याचं पुस्तक पाण्यात नेऊ नये, कबूल, पण हे? मग करायचं कसं? तर बाबा उंबऱ्याच्या अलीकडे खुर्ची टाकून बसणार, त्याआधी साबणाने हात धुणार, पुसणार, वाळवणार, ऑपरेशनला निघालेत अशा थाटात पुस्तक मांडीवर घेणार, आणि तिथून मोठ्याने वाचणार. उंबऱ्याच्या पलीकडे मी. पुस्तक मला दिसायचं नाही. मी फक्त ऐकायचं आणि करायचं.

आणि वाचतात तरी सरळ? ही नवी पुस्तकं लिहिणाऱ्या बायकांना सरळ कृती लिहायची लाज वाटते. आधी दीड पान आठवणी. लहानपण, परसबाग, आजी. इकडे माझं लोणी तापून धुरावलंय, मी ओरडतोय, "बाबा, पुढे काय टाकू?" आणि उंबऱ्यावरून भरल्या गळ्याने, "थांब रे. आजी वारली तिची."

कांदा जळाला. आजीच्या सुतकात.

तर एवढं सगळं सहन करून मी गप्प का होतो? कारण कोपऱ्यावरचं हॉटेल. तिथला मुख्य आचारी, सगळे त्याला वस्ताद म्हणतात, दुपारी मला मागच्या दाराने आत घेतो. बटाटे सोलून सुरुवात केली, आता रस्सा बघायला देतो. जाडा माणूस, बोलतो कमी, चमचा चाटतो आणि नुसता हुंकार देतो, पण हुंकारांत फरक असतो, तो ओळखायला मी शिकलो. गेल्या आठवड्यात म्हणाला, "सोमवारपासून कायमचा ये. पण बापाला सांगून ये. पळून आलेली पोरं मी ठेवत नाही. त्यांचे बाप माझ्या भट्टीपुढे येऊन रडतात, धंदा खोळंबतो."

बापाला सांगून ये. एवढंच. पूर्वी एकदा मी चाचपून बघितलं होतं. तर बाबा त्या भिंतीपुढे, त्या सगळ्या पुस्तकांना पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "आचारी? आपल्या घरात?" म्हणजे वाचलं तर संस्कृती, केलं तर हमाली. मला तर वाटलं, एकेक पुस्तक उचलून रश्श्यात बुडवावं... पण डाग पडले असते.

आणि शनिवारी पुन्हा फोन. नवीन आलंय. पुन्हा पोट. पुन्हा "हे वेगळं आहे." रविवारी दुपारी जेवायला कोण, तर बाबांचे जुने साहेब आणि बाईसाहेब. ज्या साहेबांपुढे बाबा तीस वर्षं कमरेत वाकून उभे होते, ते साहेब. बाबांनी ठरवून टाकलं, नव्या पुस्तकातलं भोपळ्याचं सूप करायचं. मीही ठरवलं. पाहुण्यांनी विचारलं, कोणी केलं, आणि बाबा एकदा म्हणाले की आमच्या मुलाने, तर त्याच पंगतीत हॉटेलचं सांगून टाकायचं. आणि नाही म्हणाले तर... नाही म्हणाले तर काय, ते मला माहीत नव्हतं. भोपळा सोलताना बोट कापलं, माझं, जे वस्तादापुढेही कधी कापलं नाही.

बाबा हात धुऊन खुर्चीवर बसले. नवीन पुस्तक, पानं गुळगुळीत, एकमेकांना चिकटलेली, शाईचा वास उंबरा ओलांडून आत येतोय. "भोपळा भाजून घ्यावा." घेतला. "कांदा लोण्यात गुलाबी करावा." केला. "दोन्ही वाटून पातेल्यात घ्यावं." घेतलं. मग पान उलटल्याचा आवाज आला. "आता त्यात दोन वाट्या साखर घालावी."

मी म्हटलं, "कशात?"

"पातेल्यात."

"सुपात? दोन वाट्या?"

"दोन वाट्या. आणि चार अंडी फेसून."

"बाबा, पान नीट बघा."

"मी नीटच बघतोय. तिने जग फिरून लिहिलंय, तू कोपऱ्यापर्यंत फिरतोस. पुढे ऐक. मिश्रण लोणी लावलेल्या साच्यात ओतावं आणि फुगेपर्यंत भाजावं."

"सूप फुगेपर्यंत?"

"म्हणून तर म्हणतो, हे वेगळं आहे."

दोन पानं एकदम उलटली होती हो. आंधळ्यालाही कळलं असतं. मी म्हटलं, "इकडे आणा, मी बघतो." तर दोन्ही हातांनी पुस्तक छातीशी धरलं, मी वासरू हिसकावतोय आणि हे गाय आहेत असं. "पुस्तक स्वयंपाकघरात न्यायचं नाही!"

बरं. क्षणभर वाटलं, घालावी साखर. फोडावीत अंडी. होऊ दे साहेबांसमोर शोभा, तीस वर्षांची कमर एकदाची सरळ होईल. बरणी हातात घेतली होती, शपथ. पण पातेल्यातून वास येत होता. भोपळा छान भाजला गेला होता, कांदा बरोबर गुलाबी, आणि त्या भोपळ्याने माझं काय वाकडं केलं होतं? बरणी ठेवली. "घातली," म्हणून ओरडलो. दूध घातलं, मिरं घातलं, आलं किसून टाकलं, शेवटी लिंबू, आणि वस्ताद असता तर ज्या हुंकारासाठी मी जीव टाकतो तो हुंकार त्याने दिला असता.

साहेब आले. हात धुतले, बसले. आईने वाढलं. बाईसाहेबांनी चमचा तोंडात घातला, थांबल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हे वेगळं आहे."

बाबांची छाती फुगली. सूप फुगलं नाही, पण छाती फुगली. साहेबांनी विचारलं, "कोणी केलं हो?"

मी दारात उभा. हातात पळी. आई माझ्याकडे बघतेय. आणि बाबा म्हणाले, "पुस्तकातलं आहे."

पुस्तकातलं आहे! पुस्तक उठून आत आलं, भोपळा सोलला, बोट कापून घेतलं, भांडी घासली आणि परत कपाटात जाऊन बसलं. मी पळी टेबलावर ठेवली आणि वळलो.

पण बाईसाहेब. त्या शाळेत मास्तरीण होत्या, त्यांना छापलेलं दिसलं की तपासल्याशिवाय राहवत नाही. म्हणाल्या, "बघू पान." बाबा म्हणाले, "आधी हात..." पण त्या साहेबांच्या बायको, त्यांना कोण सांगणार? त्यांनी पान उघडलं, बोट फिरवलं, मागे गेल्या, पुढे आल्या. "ह्यात आलं नाही. लिंबू नाही. वाचलंत काय तुम्ही?" बाबांनी दाखवलं. "अहो, हा तर केक आहे. मधलं पान चिकटलंय." मग त्यांनी आधी वाटीत बघितलं, मग माझ्याकडे, आणि बाबांना विचारलं, "मग हे केलं कोणी?"

साहेबांचा चमचा वर. बाबांनी भिंतीकडे बघितलं, इतक्या पुस्तकांपैकी एकही मदतीला आलं नाही. घसा खाकरला. म्हणाले, "हा... आमचा मुलगा. त्याने पुस्तक ऐकलंच नाही."

आणि पुन्हा चमचा तोंडात घातला. मग हळूच म्हणाले, वाटीला म्हणाले, मला नाही, "कधीच ऐकत नाही."

ह्याला कौतुक म्हणायचं की तक्रार, ते तुम्ही ठरवा. मी कौतुक म्हणून घेऊन टाकलं. आमच्या घरात कौतुक एवढंच मिळतं, चव घेण्यापुरतं. त्याच दमात बोलून टाकलं, "उद्यापासून कोपऱ्यावरच्या हॉटेलात जातोय. आचारी म्हणून. कायमचा." साहेब म्हणाले, "वा." साहेब वा म्हणाल्यावर बाबांना नाही कसं म्हणता येणार? तीस वर्षांची सवय. माझ्या आयुष्यात ती कमर पहिल्यांदा माझ्या कामाला आली.

सोमवारी सकाळी निघालो तर बाबा घरात नाहीत. म्हटलं, रुसले. चपला घालतोय तोच आले, घामेघूम, आणि पोट पुढे. शर्टातून काढून माझ्या हातात दिलं. नवीन. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. रश्श्यांचं.

म्हटलं, "बाबा, मला कशाला? भिंत भरलीये की."

"हे वेगळं आहे," म्हणाले. आणि मी दाराबाहेर पडल्यावर मागून, "तिकडे स्वयंपाकघरात नेऊ नकोस रे!"

हॉटेलात कामाला जातोय मी. स्वयंपाकघरात नाही नेणार तर कुठे नेऊ, गच्चीवर? एवढा संताप आला, वाटलं, पोचल्या पोचल्या प्लास्टिक फाडतो, भट्टीशेजारी उघडं टाकतो, पडू दे रस्सा पानापानावर.

ते हॉटेलातल्या माझ्या पत्र्याच्या कपाटात आहे. बुटांच्या वरच्या फळीवर. खाली स्वच्छ फडकं घातलंय, बुटांची धूळ लागू नये म्हणून. काल वस्ताद भट्टीवरून उठून आला, तोच, ज्याचे हात दिवसातून शंभरदा पाण्याखाली असतात, म्हणाला, काढ रे ते पुस्तक, बघू तरी आहे काय त्यात. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

म्हटलं, वस्ताद, आधी हात धुऊन या.