डिग्री नसलेली बीएस्सी

हाताशी आलेली नोकरी कशी गेली ते सांगते. नंदुरबारच्या एका कंपनीत सर्व्हर-नेटवर्क सांभाळायची जागा होती. मुलाखतीसाठी धडगावहून जीपने घाट उतरून गेले.

साहेबांनी विचारलं, "इंजिनिअरिंगची डिग्री नाही?"

म्हटलं, "बीएस्सी आहे, सर. पण चार वर्षं एका शाळेचं सगळं नेटवर्क मीच सांभाळते."

तेवढ्यात काउंटरवरच्या बाई आत आल्या. "सर, नेट बंद पडनं."

सगळ्यांचं काम अडलं, म्हणून मीच उठून सगळ्या केबल जोडतात तो नेटवर्कचा स्विच पाहिला. कोणीतरी आवराआवरीत एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचली होती, त्यामुळे डेटा तिथल्या तिथेच फिरत राहून नेटवर्क तुंबलं होतं. ती काढली, नेट सुरू झालं.

परत येऊन बसले. साहेब म्हणाले, "थँक्यू हं. पण डिग्रीशिवाय तुम्हाला हे काम येतं, असं आम्ही कशावरून समजायचं?"