डॉक्टर पेराल्तांना आलेली तार

ग्रिसेल्दा : थांबा, थांबा. ते वाक्य पुन्हा वाचा. कॉलरचं एक टोक राहिलंय, तेवढ्यात होईल.

डॉ. पेराल्ता : "करबाह्य श्रम म्हणजे अर्थव्यवस्थेच्या शरीरातला न दिसणारा रक्तस्राव होय."

ग्रिसेल्दा : अगंबाई.

डॉ. पेराल्ता : काय अगंबाई?

ग्रिसेल्दा : रक्त म्हणालात म्हणून दचकले. करबाह्य म्हणजे काय हो?

डॉ. पेराल्ता : ज्या कामाची सरकारदरबारी नोंद नाही. कर नाही, पेन्शनचा हप्ता नाही, पावती नाही. पैसे हातोहात आणि कागद शून्य.

ग्रिसेल्दा : म्हणजे मी.

डॉ. पेराल्ता : तू म्हणजे... व्यक्तिशः तू नव्हे. मी एका प्रवृत्तीबद्दल बोलतोय.

ग्रिसेल्दा : ती प्रवृत्ती तुमचा शर्ट इस्त्री करतेय. कागद जरा लांब घ्या, वाफ लागेल.

मिर्ता : अजून वाचतोच आहेस, एव्हारिस्तो? खालच्या मजल्यावरचं कुत्रंसुद्धा रडायला लागलंय.

डॉ. पेराल्ता : मिर्ता, बेचाळीस वर्षांच्या संसारात एकदा तरी माझं भाषण पूर्ण ऐक. संध्याकाळी सहाला मध्यवर्ती बँकेच्या सभागृहात माझा सत्कार आहे. चौतीस वर्षं संशोधन विभागात काढली मी.

मिर्ता : आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाल्यावर त्यांना तुझी आठवण झाली. पितळेची पाटी देणार आहेत, ग्रिसेल्दा. पुसायची तुलाच.

ग्रिसेल्दा : पितळेला लिंबू लागतं, बाई. लिंबाचा भाव बघितलात का या आठवड्यात?

डॉ. पेराल्ता : ह्याच विषयावर येतोय मी! हे बघ, ग्रिसेल्दा. मध्यवर्ती बँक म्हणजे ही आपल्या 'माते' चहाची किटली समज. पाणी फार तापलं म्हणजे महागाई. मग व्याजदर वाढवायचा, म्हणजे गॅस बारीक करायचा. गार पडायला लागलं, कारखान्यांना कुलपं लागायला लागली, की गॅस मोठा. बँकेचा हात काय तो त्या बटणावर.

ग्रिसेल्दा : मग माझ्या हयातीत तुमची किटली इतक्या वेळा उतू कशी गेली?

डॉ. पेराल्ता : कारण अर्धं पाणी भलत्याच पातेल्यात आहे! नोंद नसलेल्या पातेल्यात. त्याच्याखाली माझा गॅसच नाही. तिथून कर येत नाही, म्हणून सरकारला पैसा कमी पडतो. कमी पडला की ते बँकेला नोटा छापायला लावतं. नोटा वाढल्या की लिंबू महाग.

ग्रिसेल्दा : म्हणजे लिंबू माझ्यामुळे महाग झालं?

डॉ. पेराल्ता : अंशतः.

मिर्ता : अंशतः म्हणतोय. ग्रिसेल्दा, इस्त्री खाली ठेव आधी.

ग्रिसेल्दा : ठेवली, बाई. डॉक्टर, तुमचा गॅस आमच्याखाली नाही हे कोणी सांगितलं? तुम्ही सकाळी दहाला व्याज वाढवलंत की बाराला आमच्या व्हारेला वस्तीतला हार्डवेअरवाला पाटी लावतो, 'आज भाव नाही'. दुकान उघडं, खिळे समोर, पण उद्या भाव काय होईल म्हणून विकत नाही. माझा जावई बांधकामावर. खिळे नाहीत म्हणून काम बंद, काम बंद म्हणून रोजंदारी बंद. आम्हाला सगळ्यांच्या आधी कळतं. आम्हाला काढायला नोटीससुद्धा लागत नाही.

डॉ. पेराल्ता : मुद्दा चांगला आहे. घालू का भाषणात?

ग्रिसेल्दा : घाला. नाव देऊ नका म्हणजे झालं. तुमचंच नाव निघेल मग.

डॉ. पेराल्ता : माझं कसं?

ग्रिसेल्दा : मला गेल्या महिन्यात साठ पूर्ण झाली.

मिर्ता : केक आणला होता की आपण.

ग्रिसेल्दा : छान होता केक. दुसऱ्या दिवशी पेन्शनच्या कचेरीत गेले. खिडकीतली पोरगी भली होती, माझ्या धाकटीएवढी. तिनं नंबर टाकला आणि म्हणाली, मावशी, तुमची चार वर्षं दिसतायत. मी म्हटलं, कसली चार? बिस्किटांच्या कारखान्यातली, म्हणे. तो बंद पडला आणि पुढे काहीच नाही. तिच्या त्या पडद्यावर मी चारच वर्षं जगलेय.

मिर्ता : आणि लागतात किती?

ग्रिसेल्दा : तीस.

मिर्ता : एव्हारिस्तो.

डॉ. पेराल्ता : ऐकतोय मी.

मिर्ता : ऐकतोस कुठे, कागदात बघतोयस.

ग्रिसेल्दा : गुडघे गेलेत, डॉक्टर. मागच्या आठवड्यात तुमच्या बाथरूमच्या फरशीवरून उठताना टॉवेलचा दांडा धरला, तो हातात आला. बाईंना म्हटलं, गंजला होता. गंजबिंज काही नव्हता.

डॉ. पेराल्ता : तू मला आधी सांगायचंस.

ग्रिसेल्दा : सांगितलं की. सात वेळा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाजारात तेजी होती. तुम्ही म्हणालात, घाई कसली, सगळं छान चाललंय, पुढच्या वर्षी करू. पुढच्या वर्षी मंदी आली. तुम्ही म्हणालात, आता कुठे, आधी हे संकट जाऊ दे. संकट गेलं. तुम्ही म्हणालात, नुकतं कुठे सावरतंय. सावरलं, तर पुन्हा तेजी आली.

मिर्ता : आणि घाई कसली.

ग्रिसेल्दा : हो ना. ते तुमचं चक्र आहे बघा, भाषणात पान तीनवर, वरखाली वरखाली जाणारी रेघ काढलीय ती. त्या रेघेवर माझी नोंद करायची जागा एकदाही आली नाही. वर असताना गरज नव्हती, खाली असताना ऐपत नव्हती.

डॉ. पेराल्ता : हे अर्धसत्य आहे. मी फॉर्म आणला होता! मोठ्या संकटानंतर तिसऱ्या वर्षी. ह्याच टेबलावर ठेवला. आणि नको कोण म्हणालं?

ग्रिसेल्दा : मी.

मिर्ता : तू? का गं?

ग्रिसेल्दा : बाई, तेव्हा सरकार बेकारांना दरमहा मदत द्यायचं. मी बेकार आहे असं लिहून दिलं होतं. तीन पोरं होती पदरात. नोंद झाली असती तर ती मदत गेली असती.

डॉ. पेराल्ता : बघ! लबाडी!

ग्रिसेल्दा : आहेच. बेकार आहे म्हणून सही केली आणि तिथून थेट इथे आले, तुमच्या कॉलरी घासायला. पण मी नको म्हटलं ते एकदा. तुम्ही त्यावर केवढं लिहिलंत?

डॉ. पेराल्ता : तो एक शोधनिबंध होता.

मिर्ता : बावीस पानी. मी शुद्धलेखन तपासलं होतं. "श्रमिकांची स्वेच्छेने नोंदणीबाहेर राहण्याची पसंती".

ग्रिसेल्दा : मला विचारलं एका वाक्यात आणि छापलं बावीस पानांत. त्याच्यानंतर पोरं मोठी झाली, मदत बंद झाली, मी हो म्हणत होते. त्यावर एखादं पान?

डॉ. पेराल्ता : ग्रिसेल्दा, मला बोलू दे. मी काही राक्षस नाही. मी दरमहा माझ्या खिशातून तुला काही रक्कम देत जाईन. कायमची. तू कामाला नाही आलीस तरी.

ग्रिसेल्दा : तुम्ही बहात्तरचे. रोज लोणी खाता. तुमच्या 'कायमची'वर मी किती विसंबू?

मिर्ता : लोण्याचं मीही सांगते.

डॉ. पेराल्ता : मग काय, सरकारवर विसंबणार? तू? सरकारला शिव्या दिल्याशिवाय तुझ्या घशाखाली 'माते'चा घोट उतरत नाही!

ग्रिसेल्दा : सरकारवर माझा काडीचा विश्वास नाही. पण सरकार मरत नाही. पेन्शन कमी देईल, उशिरा देईल, रांगेत उभं करेल. तरी खिडकी तिथेच असते. म्हणून मी काल पोस्टात गेले.

डॉ. पेराल्ता : पोस्टात कशाला?

ग्रिसेल्दा : तुम्हाला तार केली.

डॉ. पेराल्ता : तार! तू रोज आठ तास माझ्यासमोर असतेस!

ग्रिसेल्दा : समोर असताना सात वेळा झालं ना सांगून. कामगारानं मालकाला करायची तार फुकट असते, तुम्हाला ठाऊक असेल. आयुष्यात सरकारकडून फुकट मिळालेली ही एवढीच वस्तू. मजकूर खिडकीवरच्या माणसानं नीट सांगितला. इतक्या वर्षांची खरी नोंद करा, तीस दिवसांत. नाहीतर कोर्ट.

डॉ. पेराल्ता : आणि आज कामावर आलीस?

ग्रिसेल्दा : मंगळवार आहे. न यायला काय झालं? आणि शर्ट कोणी केला असता, बाईंनी?

मिर्ता : मी तर मुळीच नाही.

डॉ. पेराल्ता : आज संध्याकाळी पत्रकार असणार आहेत! करबाह्य श्रमाचा अभ्यासक म्हणून माझा सत्कार, आणि माझ्याच घरात... मिर्ता, तुला ह्यातलं काही माहीत होतं?

मिर्ता : तारेचं नव्हतं. बाकीचं तुझ्याइतकंच माहीत होतं. मीही कधी बोलले नाही. ते मला आज फार चांगलं वाटत नाहीये.

डॉ. पेराल्ता : तत्त्व वेगळं आणि घर वेगळं. सगळा देश असाच चालतो. माझ्या विभागातल्या एकाही माणसाकडे नोंदलेली बाई नव्हती. एकाही!

ग्रिसेल्दा : मग तुम्ही आकडा काढायला बाहेर कशाला जात होता? जेवणाच्या सुट्टीत हात वर करायला सांगायचं.

मिर्ता : एव्हारिस्तो, तुला तो डिसेंबर आठवतो? बँकांनी सगळ्यांची खाती गोठवली तो?

डॉ. पेराल्ता : आता तो विषय कशाला?

मिर्ता : माझ्या पित्ताशयात खडा होता आणि सर्जनला रोकड हवी होती. तू मध्यवर्ती बँकेतला अर्थशास्त्राचा डॉक्टर, बँकेत आयुष्याची पुंजी, आणि आठवड्याला मिळणार मूठभर पेसो. बाकीच्यांसारखं निषेध म्हणून स्वतःच्या बँकेसमोर पातेलं वाजवायला जाता येत नव्हतं तुला, म्हणून स्वयंपाकघरात बसून रडलास.

डॉ. पेराल्ता : डोळ्यांत धूर गेला होता.

मिर्ता : आणि हिनं घरून चहाचा डबा आणला. आत पत्ती नव्हती, डॉलर होते. हिचे पैसे बँकेत नव्हते म्हणून हिच्या हातात होते. माझं ऑपरेशन तुझ्या त्या रक्तस्रावातून झालं.

डॉ. पेराल्ता : मी ते परत केले. व्याजासकट.

ग्रिसेल्दा : केलेत. व्याज म्हणून टेबलफॅन दिलात. फिरत नव्हता, पण वारा यायचा.

(खालच्या दारावरची बेल वाजते. मिर्ता इंटरकॉम उचलते.)

मिर्ता : कोण? ... पोस्टमन आहे. तार आहे म्हणतो. सही लागेल.

डॉ. पेराल्ता : सांग, घरी कोणी नाही.

मिर्ता : त्याच्याशी बोलतेय कोण मग, कुत्रं? ... हो, आहोत घरी. वर या. चौथा मजला. लिफ्ट बंद आहे, सावकाश या.

डॉ. पेराल्ता : मिर्ता, सही केलीस की तीस दिवस सुरू होतात. निदान उद्या घेऊ. आजचा दिवस जाऊ दे.

मिर्ता : तुझा आजचा दिवस सव्वीस वर्षं चाललाय. घर दोघांच्या नावावर आहे, सही मी करते. (पोस्टमन दारात येतो.) द्या इकडे. इथे ना? धन्यवाद. पाणी हवंय का? बरं.

ग्रिसेल्दा : मी बाल्कनीत जाते. कपडे वाळले असतील.

मिर्ता : कुठे जाऊ नकोस. बस. खुर्चीवर बस, त्या स्टुलावर नको. मी वाचते. "मार्च १९९८ पासून आपल्या घरी आठवड्यातून पाच दिवस काम करते. स्वयंपाक, धुणं, इस्त्री, सफाई. २००९ ते २०१३ आपल्या आई एस्तेर यांची शुश्रूषा. अंघोळ घालणे, भरवणे. अखेरच्या दिवशी हजर."

डॉ. पेराल्ता : हे त्या खिडकीतल्या माणसानं लिहिलं?

ग्रिसेल्दा : तो म्हणाला, कामं सगळी सांगा, एक सोडू नका. मी सांगत गेले. शेवटचं कशाला लिहिलं काय माहीत. ते काही काम नव्हतं.

डॉ. पेराल्ता : मी त्या दिवशी परिषदेला गेलो होतो. विमान उतरेपर्यंत संपलं होतं.

ग्रिसेल्दा : तुमचं नाव घेतलं होतं त्यांनी. तेव्हाच सांगितलं होतं मी तुम्हाला.

डॉ. पेराल्ता : हो. सांगितलं होतंस. ... दे तो कागद, मिर्ता. माझा चष्मा कुठाय?

मिर्ता : डोक्यावर.

डॉ. पेराल्ता : यात चूक आहे.

मिर्ता : एव्हारिस्तो, आता वकिली नको.

डॉ. पेराल्ता : वकिली नाही. तारीख चुकलीय. मार्च नाही. नोव्हेंबर, सत्त्याण्णव.

ग्रिसेल्दा : नाही हो, मार्चच. मोठीची शाळा सुरू झाली होती.

डॉ. पेराल्ता : नोव्हेंबर. आशियातले बाजार कोसळले होते. आम्ही सगळे बँकेतच अडकलेले, घरी यायला रोज उशीर. आणि आल्यावर टेबलावर ताट झाकून ठेवलेलं असायचं. कुरकुरीत तळलेला मांसाचा काप, मिलानेसा, आणि वर अर्धं लिंबू. मी मिर्ताला विचारलं, हे कोणी केलं?

मिर्ता : मी केलं नाही हे तुला लगेच कळलं होतं, ते आठवतंय मला.

ग्रिसेल्दा : ते दिवस होय! पण तेव्हा तर तुम्ही मला नुसतं बघायला ठेवलं होतं. जमतंय का ते. पक्कं मार्चमध्ये केलंत. म्हणून ते महिने मी हिशेबात लावलेच नाहीत.

डॉ. पेराल्ता : लाव, ग्रिसेल्दा. तेही लाव.