सूर्य आणि मी, एकाच चिमट्यात

...नाही, पण चिमटे माझेच का, म्हणते मी! अख्ख्या शाळेत दुसऱ्या कुणाकडे काही नव्हतं? फरशी पुसायची फडकी वाळत घातली होती मागच्या जिन्याखाली, दोरीवर, नीट चिमटे लावून, आणि येऊन बघते तर फडकी मातीत लोळताहेत, चिमटे गायब, वर दोरीपण गायब! तुम्हाला सांगते, मी ज्या शाळेत कामाला आहे ना, तिथे काहीही हरवलं की आधी सातवीत जायचं. खडू सातवीत, घंटेचा हातोडा सातवीत, एकदा तर मांजरीची पिल्लं सातवीच्या कपाटात निघाली. तर गेले सातवीत. आणि काय बघते... माझी दोरी खिडकीपासून दारापर्यंत ताणून बांधलेली, तिला माझे चिमटे, चिमट्यांना चिठ्ठ्या, आणि मधोमध गणिताच्या नव्या बाई, तोंडभर हसत!

"या मावशी, या! आम्ही आज शक्यता शिकतोय!"

शक्यता म्हणे! मी म्हटलं, "बाई, माझी फडकी मातीत पडली ही शक्यता नाही, ही झालेली गोष्ट आहे!"

पण ऐकतात कुठे? नवीन आहेत, अंगात उत्साह मावत नाही. "हे बघा मावशी, खिडकीकडचं टोक म्हणजे शून्य. जे कधीच घडणार नाही ते तिथे. दाराकडचं टोक म्हणजे एक. जे घडणारच ते तिथे. आणि बाकी सगळं जग यांच्या मधे!" आता मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण दोरी मला कळते. बघत गेले. खिडकीपाशी चिठ्ठी, 'उद्या शाळेत जिराफ येईल.' बरोबर, कशाला येईल? बरोब्बर मधे, 'नाणं उडवलं तर छापा पडेल.' असेल. त्याच्या पुढे, 'पिशवीत तीन लाल बटणं, एक निळं, न बघता काढलं तर लाल निघेल.' हेही पटलं, तीन आहेत म्हटल्यावर लालच हाताला जास्त लागणार. दारापाशी, 'उद्या सूर्य उगवेल.' आणि सूर्याच्याही पुढे, पार कडीला टेकलेली आणखी एक चिठ्ठी. काय लिहिलेलं? 'मधल्या सुट्टीत मावशी ओरडतील.'

सूर्याच्या पुढे! मला!

"कुणी लावली ही?" मी विचारलं. म्हणजे साधं विचारलं हो! शेजारच्या वर्गातली दोन पोरं उभी राहिली, त्यांना वाटलं त्यांनाच विचारलं.

एक चष्मेवाली आहे त्या वर्गात, हिशोबाची पक्की, भीती म्हणून नाही. ती म्हणते, "मी लावली मावशी. सूर्य ढगात गेला तर दिसत नाही. तुमचा आवाज ढगातसुद्धा येतो."

"चूक!" गणिताच्या बाई म्हणाल्या. मला वाटलं, चला, कुणीतरी माझ्या बाजूनं आहे. कसलं काय! "एकच्या पुढे काहीच नसतं. नक्की म्हणजे नक्की, त्याहून जास्त नक्की काही नसतं!" असं म्हणून माझी चिठ्ठी उचलली आणि सूर्याच्या चिमट्यात खोचली. दोघांत एक चिमटा!

हसा, हसा तुम्ही. पण दारात कोण उभं होतं विचारा ना! मोठ्या बाई! आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका! आणि नेमक्या त्या वेळी! त्याचं काय आहे, शिशुवर्गातल्या मावशी आता काम सोडताहेत. शिशुवर्ग म्हणजे काय सांगू तुम्हाला... कोरडी फरशी! बसायला खुर्ची! पोरं खातात की झोपतात, आपण नुसतं थोपटायचं. आणि मी इतकी वर्षं कुठे? नळांपाशी! पाय ओले, गुडघे आखडलेले, हातात फरशी पुसायचा दांडा, समोर सातवी. मी मोठ्या बाईंना म्हटलं होतं, मला द्या ना ती जागा. तर म्हणाल्या, "बघू हं मावशी. तुमच्या आवाजाचं मला जरा... लहान मुलं दचकतात हो." आता ह्यांनी ती चिठ्ठी वाचली, चष्मा वर करून, चष्मा खाली करून, आणि "अस्सं" म्हणून निघून गेल्या. नुसतं अस्सं! त्या 'अस्सं'मध्ये माझी खुर्ची गेली ना हो!

मी तिथेच दांडा आपटला. म्हटलं, "लिहून ठेवा! सोमवार ते शुक्रवार मी ओरडणार नाही. एक शब्द मोठ्यानं काढणार नाही!"

तर गणिताच्या बाई टाळ्या पिटायला लागल्या. "मुलांनो, प्रयोग! अंदाज बांधायचा नाही, मोजून बघायचं! जसं दिसेल तशी चिठ्ठी रोज सरकवायची." शक्यता म्हणे! मी इथे खुर्चीसाठी जीव टांगलाय आणि ह्यांना प्रयोग सापडला!

सोमवार. मधली सुट्टी. सातवीत एक पोरगा आहे, त्याला सगळे कारंजं म्हणतात. नळाला अंगठा लावतो आणि पाणी असं उडवतो की छतावरची पाल न्हाऊन निघते. लावला अंगठा. उडालं पाणी. कुठे? माझ्या डोक्यावर! सगळी रांग माझ्या तोंडाकडे बघतेय, चष्मेवाली पेन्सिल घेऊन तयार. आणि मी... हसले. दात दाखवले. आता माझं हसू बघून पहिलीतली दोन पोरं मागच्या मागे पळाली, त्याला मी काय करू?

मंगळवारी वर्गात भांडण. कारंजं म्हणतं, "काल ओरडल्या नाहीत ना, म्हणजे आज नक्की ओरडणार! साठलंय!" बाई म्हणाल्या, "असं नसतं रे. नाण्याचा चार वेळा छापा पडला म्हणून पाचव्यांदा काटा पडायलाच हवा असं आहे का? नाण्याला मागचं आठवत नाही. प्रत्येक वेळी निम्मं-निम्मं." मी दाराबाहेर फरशी पुसत होते, राहवलं नाही. हळू आवाजात म्हटलं, हळू बरं का, "बाई, नाण्याला आठवत नसेल, मला आठवतं! कालचं पाणी अजून माझ्या कानात आहे!"

बाईंनी खडू खाली ठेवला. म्हणाल्या, "बघा मुलांनो, किती छान! म्हणून मावशींना नाण्याचा नियम लावता येत नाही." छान? मी घशाशी आलेलं गिळतेय आणि ह्या म्हणतात छान! शक्यता म्हणे!

घरी वेगळीच तऱ्हा. मी दिवसभर गप्प म्हणून घरीही गप्प. आमच्या ह्यांनी आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग स्वतःच्या कपाळाला लावून बघितला. मग हळूच विचारतात कसे, "माझ्या हातून काही झालं का गं?" रात्री जेवणाची भांडी स्वतः घासली! न सांगता! तेव्हा मला कळलं की गप्प बसण्यात काय ताकद आहे, पण तुम्हाला सांगते, भांड्यांना साबण तसाच होता. आता सांगायचं कसं? बोलायचं नाही ना! परत घासली मी.

आणि चिठ्ठी सरकत होती हो! सूर्याचा चिमटा सोडला. बुधवारी लाल बटणांच्या मागे. गुरुवारी नाण्याच्याही मागे. शुक्रवारी मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत बघितलं तर जिराफाच्या शेजारी! चष्मेवालीनं स्वतःच्या हातानं लावली, तोंड पाडून. मी जिराफाकडे बघितलं आणि मला भरून आलं. म्हटलं, मिळाली खुर्ची!

तेवढ्यात बोलावणं. मोठ्या बाई!

गेले. बाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसलेल्या. चपला ओल्या, फाइली खिडकीत वाळत घातलेल्या. म्हणाल्या, "मावशी, तब्येत बरी आहे ना तुमची?"

"एकदम बरी, बाई. आज पाचवा दिवस, ओरडले नाही. सातवीला विचारा."

"विचारायला कशाला हवं? दिसतंय ना." आणि खाली बोट दाखवलं. दाराखालून पाणी येत होतं. मोठ्या बाईंच्या खोलीत! झालं होतं काय, मी गप्प म्हटल्यावर नळ कुणी बंद करेना. सगळे एकमेकांकडे बघतात, मावशी सांगतील तेव्हा करू. दुसऱ्या तासालाच टाकी निम्मी रिकामी, व्हरांड्यात तळं, वॉचमन काका घसरून कमरेला पट्टा लावून बसलेले. मी पुसत होते हो, पण एक दांडा काय काय पुसणार?

"म्हणजे माझी शिशुवर्गाची जागा..."

"मावशी, गोड बोलणारी माणसं मला कितीही मिळतील. पण नळाला तुमच्याशिवाय कोण?"

"बाई, आधी ओरडते म्हणून नाही, आता ओरडत नाही म्हणून नाही! मग होय कधी?"

त्यांनी जरा विचार केला. खरंच केला, मी बघितलं. आणि म्हणाल्या, "तसं बघितलं तर... शक्यता कमीच."

शक्यता म्हणे! ह्यांनापण शिकवलं वाटतं त्या नव्या बाईंनी!

बाहेर आले. मधल्या सुट्टीची घंटा नुकतीच झालेली. नळापाशी कारंजं उभं, अंगठा नळाला. डोळ्यांत पाणी होतं माझ्या, पण म्हटलं, जाता जाता एकदा दाखवूच मोठ्या बाईंना, मला जमतं की नाही ते. त्यांची खिडकी उघडीच होती. गेले जवळ. खाली वाकले, गुडघे कुरकुरले, आणि जमेल तितक्या गोड आवाजात म्हटलं, "सोन्या, माझ्या राजा, नळ बंद करतोस का रे बाळा?"

तुम्हाला सांगते, पोरगं पांढरं पडलं. आणि त्यानं असं भोकाड पसरलं, असं भोकाड... "मावशींना काय झालंय? कुणीतरी बोलवा ना!" चष्मेवाली धावली, गणिताच्या बाई धावल्या, वॉचमन काका पट्ट्यासकट उठले. थोपटलं तर आणखी रडतंय, पुन्हा 'बाळा' म्हटलं तर आणखीनच! शेवटी काय करणार? कमरेवर हात ठेवले, घसा साफ केला आणि ओरडले, "गप! नळ बंद कर आधी!" तसं डोळे पुसलेन, नळ बंद केलान, आणि कसा मजेत वर्गात गेला.

जाऊ दे. हा एक होता, आणि तेरा वर्षांचा होता. तिकडे शिशुवर्गात पंचवीस असतात हो, आणि तीन-तीन वर्षांचे!