अनंताचं लहान हाऊसिंग

बसून घ्या मंडळी. पुढे खुर्च्या शिल्लक आहेत, दारात उभे राहू नका. नाक्यावरच्या सगळ्या गॅरेजवाल्यांनी आज शटर खाली ओढलंय. कळव्याहून अनंताची सगळी आळी आलीय. आलात, बरं वाटलं. पण मला बोलायला उभं केलंत, ते काही बरं केलं नाहीत. मी दमलोय. आणि अनंता भोईरबद्दल बोलायचं म्हणजे त्याच्याशी भांडल्याशिवाय मला बोलता येत नाही. समोर तो नसताना भांडायचं कुणाशी, सांगा?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी दिलीप. इथे माजिवड्याच्या नाक्यावर आमचं दोघांचं गॅरेज. वर्षानुवर्षं एका डब्यातलं जेवलो. मी त्याला अन्या म्हणायचो, तो मला काय म्हणायचा ते इथे आयाबायांसमोर सांगता येणार नाही. कावीळ झाली, ती त्याने अंगावर काढली. "हे इंजिन बांधून होऊ दे, मग डॉक्टरकडं जातो," बोलला. इंजिन बांधून झालं नाही. तो गेला.

कुठलं इंजिन? त्याच्या स्वतःच्या छोट्या गाडीचं. तीन सिलिंडरची ती गाडी, तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. तिला टर्बो बसवायचं खूळ आम्हा दोघांच्याही डोक्यात शिरलेलं. भंगारात एक जपानी टर्बो मिळाला, आणि त्याच्याबरोबर एक्झॉस्टची दोन हाऊसिंग. हाऊसिंग म्हणजे शंखाच्या आकाराचं ओतीव लोखंडाचं कवच. इंजिनाचा जळका धूर त्यातून जाताना आतलं चाक फिरवतो, आणि त्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबली जाते. एक हाऊसिंग लहान होतं, एक मोठं. अंगणात पाइपने पाणी मारताना तोंडाशी अंगठा दाबता ना? पाणी जोरात उडतं. लहान हाऊसिंगचं तसंच. वाट अरुंद, धूर जोरात, गाडी लगेच ओढ घेते. पण वेग वाढला की त्याच वाटेत धूर तुंबतो. मोठ्यात तुंबत नाही, गाडी हायवेला सुसाट जाते. पण चाक गरगरेपर्यंत आधी थांबावं लागतं, तोवर गाडी सुस्त.

मी बोललो, मोठं. तो बोलला, लहान. झालं! मी सकाळी मोठं बसवायचो, तो जेवण झालं की ते उतरवून लहान चढवायचा. सांध्यातली गॅस्केटं फाटली, बोल्ट झिजले, गाडी तिथेच. चहावाला कप ठेवताना विचारायचा, "आज कोण जिंकला, शेठ?"

"अरे, वरच्या वेगात इंजिन घुसमटेल," मी बोलायचो.

"वरच्या वेगात जावाचं कुनाला?"

"हायवे समोर आहे की, अन्या!"

"मना हायवेला नाय जावाचं. मना घरा जावाचं."

घरी जायचंय म्हणे! मी हसायचो. गिऱ्हाइकांसमोर हसायचो. म्हणायचो, मोठ्या हाऊसिंगला जिगर लागते बाबा, हा वेगाला भितो. तो पाना उचलायचा आणि माझं मोठं उतरवायला घ्यायचा. कारण एकदाही सांगितलं नाही. मलासुद्धा नाही.

मग दहावा आला. खाडीवर आपण बरेच जण होतो. पिंड ठेवला, आणि कावळा काही शिवेना. भिंतीवर बसून नुसता बघतोय. अनंताचे मोठे दादा हात जोडून बोलले, "वैशालीला काय कमी पडू देनार नाय." कावळा हलला नाही. त्याची आय बोलली, "तुज्या पोरीचं लगीन आमी करू रं." नाही. मग दादाच बोलले, "गारीची चिंता नको करू, ती इकून टाकू, चालवनार कोन?" आणि कावळा उठून पलीकडच्या भिंतीवर जाऊन बसला. दादा, रागावू नका, सगळ्यांनी पाहिलंय ते.

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी करू लागले. तेव्हा आय माझ्याकडे वळली. "तू बोल काय तरी. तुज्याशीच भांडायचा त्यो."

मी असलं काही मानत नाही. कंटाळलो होतो, पाय भाजत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला होता. मेल्यावरसुद्धा ताटकळत ठेवतो म्हणजे काय? मी पुढे झालो आणि बोललो, "अन्या, लहान बसवतो. तुझंच खरं. जेव आता."

कावळा आला.

आता त्याला भूक लागली असेल. उन्हाला कंटाळला असेल माझ्यासारखा. मी काही म्हणत नाही. पण शब्द दिला तो दिला.

परतताना वैशालीवहिनी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "भावोजी, ते लहान माझ्यासाठी होतं."

माझ्या काही लक्षातच येईना. मग त्यांनी सांगितलं. अनंताचं घर कळव्याला, पारसिकच्या डोंगराच्या अंगावर. शेवटची गल्ली म्हणजे नुसती चढण. वहिनी गाडी शिकत होत्या. एकदा आयला घेऊन दवाखान्यातून येत होत्या, सोबत भरलेला गॅस सिलिंडर. अर्ध्या चढावर गाडीचा दम संपला, बंद पडली आणि मागे सरकायला लागली. आणि सगळी आळी गोळा झाली. क्लच सोडा! ब्रेक दाबा! डावीकडे घ्या! अहो, उजवीकडे! येऊ द्या, येऊ द्या! दहा तोंडं आणि वीस हात. कुणीतरी हसलं. वहिनी उतरल्या, किल्ली अनंताच्या हातात दिली, आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. तेव्हा तो त्यांना एवढंच बोलला, "थांब, गारीच अशी करतो का ती तुना मागं सरकू देनार नाय."

त्या दिवशी हात दाखवणारे काही जण आज इथे बसलेत. मला नावं माहीत आहेत. असो.

म्हणजे बघा. मी इंजिनाचं बोलत होतो. हा माणूस त्या गल्लीचं बोलत होता. मग भांडण कसलं होतं आमचं? अन्या, एवढं एक वाक्य सांगायला काय झालं होतं रे तुला? बायकोचं हसं झालेलं चारचौघांत पुन्हा काढायचं नव्हतं, होय ना? मला तरी सांगायचंस.

दहाव्यापासून मी दुसरं काम घेतलं नाही. लहान हाऊसिंग बसवलं. एकट्याने. ते उतरवायला कुणी आलं नाही. नवं गॅस्केट एकदा बसवलं ते बसलंच. असं काम करायची मला सवय नाही हो. दुपार झाली की मी दाराकडे बघायचो.

काल वहिनींना बसवलं. मागे आय बसली, आणि सिलिंडरही ठेवला, तोही भरलेला. मी शेजारी. चढणीच्या मधोमध हातगाडी आडवी आली. वहिनी थांबल्या. हँडब्रेक ओढला. मी तोंड उघडलं होतं, पण मिटलं. त्यांनी गाडी उचलली, टर्बोने शीळ घातली आणि गाडी सरळ वर. एक बोटभर मागे आली नाही. आय मागून बोलली, "आता चालली माज्या पोराची गारी."

अन्या, इंजिनासाठी मोठंच बरोबर होतं. हे मी आजही बोलणार. तू येऊन खोडून काढ.

मंडळी, अशा सभेत शेवटी उभं राहून मौन पाळतात. मी ते इथे मागत नाही. दादा तयार झालेत, गाडी विकायची नाही. ती बाहेर उभी आहे, आणि वहिनी आता आयला घेऊन तीच घरी नेणार आहेत. फाटक अरुंद आहे, रिक्षा वेड्यावाकड्या लागल्यात, आणि आपण इथे सगळे गाडीतले जाणकार! म्हणून हात जोडून मागतो. कुणी हात दाखवू नका. घ्या म्हणू नका, येऊ द्या म्हणू नका. वेळ लागला तर लागू दे. गाडी फाटकाबाहेर पडून वळेपर्यंत, सगळे आपल्या जागी शांत उभे राहा.

चला, वहिनी. किल्ली गाडीलाच आहे.