कावेरीवरनं ओढलेली तार

मी मूळचा अथणीकडचा, बेळगाव जिल्ह्यातला. आमच्या मुलखाला कृष्णा हाय, पन गावापास्नं लांब. गावात एक आड, उन्हाळ्यात त्योबी कोरडा. म्हनून नदी म्हंजे काय हे मला बेंगळुरात आल्यावर कळलं. बेंगळुरात नदी कुठली म्हनाल, तर थांबा स्वल्प, सांगतो.

विजेच्या तारा ओढायच्या टोळीत काम मिळालं, यशवंतपुरात खोली केली. मिस्त्रींना इचारलं, ही वीज येती कुठनं हो? म्हनले, कावेरीतनं. मला वाटलं थट्टा करत्यात. मग कामावर शिवनसमुद्राला नेलं, आन् काय सांगू तुमास्नी, मी तोंड उघडं टाकून बघतच राह्यलो. कोडगूच्या, म्हंजे कुर्गाच्या डोंगरात बोटाएवढी निघती ती माय, म्हैसुराजवळ धरणात अडती, मंड्याला भात पिकवती, ऊस पिकवती, आन् मग हितं कड्यावरनं दोन अंगांनी उडी घेती. त्या उडीवर बेंगळुरातल्या गिरन्या फिरायच्या, दवाखान्यात दिवे लागायचे. एवढं करून दमती का, तर न्हाई, खाली तमिळ मुलखात जाऊन पुन्हा भात पिकवती. एकीच्या जिवावर किती चुली, सांगा की.

पुढं एका पावसाळ्यात तिला पूर आला. तारा नदीपलीकडं नेनाऱ्या काठावरच्या लोखंडी मनोऱ्याचा पाया खचला, तारा तुटून पान्यात गेल्या, अर्धं शहर अंधारात, कारखाने थंड. आमची टोळी धावली. मनोरा टेकू देऊन सरळ केला, पन तार पलीकडं न्यायची कशी? आधी बारीक दोरी न्यायची, तिच्या मागं जाड दोर, दोरामागं तार. पन ती पहिली दोरी नेनार कोन?

तिथं सिद्दण्णा नावाचा नावाडी व्हता. त्याची नाव म्हंजे वेताची गोल टोपली, वरनं कातडं मढवलेलं, तिला तेप्पा म्हनत्यात. आमचे साहेब त्याला म्हनले, चल. त्यो म्हनला, आज न्हाई. दोन दिवस नुसता पान्याकडं बघत बसला, साहेब चिडले, ओरडले, त्यो हललाच न्हाई. तिसऱ्या दिवशी आपनच उठला, सरी, म्हंजे बरं, म्हनला, दोरी सोडायला एक मानूस द्या. मला पोहता येत न्हाई, तरी मीच बसलो, का ते अजून कळत न्हाई.

त्यानं तेप्पा काठाकाठानं धारेच्या उलट, लांब वर नेला आन् तिथनं पान्यात सोडला. टोपली भवऱ्यागत फिराया लागली, मी दोरी सोडतोय आन् आईचं नाव घेतोय. मधोमध एक झाडाचं खोड अंगावर आलं. मी ओरडलो, अण्णा! त्यानं वल्हं नुसतं उलटं धरलं, खोड चाटून गेलं. म्हनला, तिच्याशी झोंबायचं न्हाई रे, ती नेती तिकडनं आपली वाट काढायची. पलीकडं लागलो तवा दोरीचं टोक मी आधी एका झाडाला बांधलं.

तार चढली, शहरात दिवे आले. साहेब खुशीनं म्हनले, सिद्दण्णा, काय पायजे ते माग. त्यो म्हनला, ही तार आमच्या छपरावरनं जाती, आमच्या गावात दिवा न्हाई. साहेबांनी मान डोलावली, पन वर्षं गेली.

शेवटी त्याच्या गावाचं काम निघालं, आन् खांब रोवायला आमचीच टोळी. सिद्दण्णाच्या झोपडीत बल्ब मीच लावला. दिवेलागनीला बटन दाबलं. मला वाटलं हात जोडंल, काय तरी बोलंल. त्यो बायकोकडं बघत राह्यला, नंजम्मा चुलीपाशी बसलेली. हळूच म्हनला, तुझे केस एवढे कधी पिकले गं? ती लाजली, पदर डोक्यावर घेतला.

सिद्दण्णा आता न्हाई. मी राजाजीनगरात राहातो, गुडघ्यांपायी खांबावर चढवत न्हाई, पोरान्ला तार ओढायला शिकवतो. म्हनत्यात, आता कावेरीचं पानीच पंपानं बेंगळुरात आननार. येऊ द्या. तिचं मन मोठं हाय, सगळ्यांस्नी पुरू दे, वरच्यांस्नी आन् खालच्यांस्नीबी.