सोलचा फ्लेक्स

फ्लेक्सवाल्याचं नाव माझ्यापुढं काढू नका. प्रभूची गाणी गाणाऱ्यांचे कार्यक्रम ठरवण्यात माझी हयात गेली, पण सोयगावच्या चर्चमध्ये झाली तशी फजिती कुठं नाय झाली.

रोझीताईंचं गाणं होतं, सोल म्युझिक, म्हणजे आत्म्यातून येणारं भक्तीचं गाणं. शहागंजातल्या फ्लेक्सवाल्याला मी फोनवर सांगितलं, "रोझीताईंचं सोल म्युझिक, असं लिही. खाली सोलला शोभेल असं एखादं चित्र टाक."

चर्चच्या दारात फ्लेक्स उलगडला, तर ताईंच्या नावाखाली ह्या एवढाल्या दोन रबरी चपला, तळ वर केलेल्या! तिथूनच त्याला फोन लावला.

"अरे बाबा, चपला कशाला टाकल्या?"

"आपच बोले ना भाई, सोल? एकदम मजबूतवाला सोल डाला."

फोन स्पीकरवर होता, शेजारी उभ्या ताईंनी ते ऐकलं. "ह्या पायतणाखाली उभी राहून मी प्रभूचं गाणार नाय," म्हणाल्या आणि सरळ गाडीत जाऊन बसल्या. आत चर्च गच्च भरलेलं.

तेवढ्यात पाळकसाहेब आले. त्यांनी फ्लेक्स नीट बघितला. हसले नाहीत.

"स्टेजवर कशाला लावता? ताईंचं नाव मागं दुमडा अन् हितंच दाराशी बांधा. चपला ओळीत काढा म्हणून सांगून थकलो मी."

बांधला. ताई उतरल्या, लई गोड गायल्या. कार्यक्रम संपल्यावर बाहेर येऊन बघतो, तर अख्ख्या गावाच्या चपला फ्लेक्सखाली ओळीनं मांडलेल्या.

इतकी वर्षं बॅनर लावतोय मी. लोकांनी ऐकलेला तो पहिलाच.